गुरुवारची शांतता

आमच्या स्टाफरूममध्ये एक पत्र्याचं कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात नुसती डब्यांची झाकणं. पोरं डबा घरी नेतात, झाकण विसरतात. मी उचलून खणात टाकते. फेकवत नाही, आणि कुणाचं म्हणून परतही देता येत नाही. शाळेतले किस्से असेच साठतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. पण खण उघडला, की सगळे खडखडत पायावर!

मी या शाळेतली मावशी. चिखलीत, वर्कशॉपांच्या गल्लीत आमची शाळा. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाण्याची टाकी बघणं, रडकी पोरं गप करणं, सगळं माझ्याकडे. शिक्षण चौथी. "मावशी चौथी पास, पण तोंड एम. ए.!" असं आमचे हेडमास्तर म्हणतात. त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो. खोटं नाही ते. मी कुणाचं ऐकून घेत नाही. ऐकून घेणं हा गुण असतो, हे मला फार उशिरा कळलं.

* * *

दोन वर्षांमागे मोठे सर निगडीला एका मीटिंगला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. आल्या आल्या सगळ्या मास्तरांना गोळा केलं. "आता आपले पाठ सगळा महाराष्ट्र बघणार!"

झालं असं, की मास्तर लोकांची एक व्हिडिओची साइट निघाली होती. तिथं नाचगाणी नाहीत, फक्त शाळेचे व्हिडिओ. आपण वर्गात शिकवायचं, ते मोबाइलवर शूट करायचं आणि साइटवर टाकायचं. बाकीच्या शाळांतले मास्तर ते बघणार, आपापल्या वर्गात लावणार, खाली कॉमेंट लिहिणार. आमचे भोईर सर तरुण, मोबाइलमधलं सगळं कळणारे. शूटिंगचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

पहिला व्हिडिओ दुसरीच्या देशमाने बाईंचा. विषय, पाण्याचे उपयोग. आता शाळेच्या भिंतीला लागूनच पत्र्याचे पार्ट दाबायचं वर्कशॉप. बाई म्हणाल्या, "पाणी म्हणजे जीवन." धाड! "पाणी आपण पितो." धाड! "पाण्यानं आपण अंघोळ करतो." धाड! धाड! आम्हाला त्याची इतकी सवय, की शूटिंग संपेपर्यंत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. व्हिडिओ गेला साइटवर.

दोन दिवसांनी कुठल्या तरी लांबच्या शाळेतल्या मास्तरांची कॉमेंट आली, "पाठ छान. आपल्या गावात सगळं ठीक आहे ना?"

* * *

त्यावर तोड निघाली गुरुवारची. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी मशीन चालू, गुरुवारी बंद. म्हणून ठरलं, शूटिंग दर गुरुवारी.

पण गुरुवारी मशीन बंद तर माणसं चालू! सगळ्या पोरांचे बाप घरी. कुणी गाणी लावून गाडी धुतोय, कुणी भिंतीत ड्रिल मारतोय, कुणी गेटावर येऊन पोराला हाका मारतोय. मोठे सर म्हणाले, "मावशी, शांतता तुमच्याकडे. तुमच्या आवाजापुढं कोण टिकणार?"

मला आयुष्यात कुणी कशाचं प्रमुख केलं नव्हतं. मी पदर खोचला.

पहिल्याच गुरुवारी भंगारवाला आला. गाडीवर भोंगा, त्यात रेकॉर्ड केलेलं, "भंगाऽर, रद्दी, जुना फ्रिज, कूलर..." मी गेटातून असा आवाज दिला, की त्यानं भोंगा बंद केला, गाडी थांबवली आणि हात जोडले. म्हणाला, "मावशी, या भोंग्याला रोज चार्जिंग करावं लागतं. तुमीच चला की माझ्यासंगं!"

एकदा तर खुद्द मोठे सर फोनवर बोलत व्हरांड्यातून आले. मोठमोठ्यानं. मी वळून बघितलंसुद्धा नाही कोण आहे ते. "ए! शू! लाज वाटते का? शूटिंग चाललंय!" सर जागच्या जागी थिजले. मग त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि चवड्यांवर चालत गेले. त्या व्हिडिओत ते खिडकीबाहेरून जाताना दिसतात. बूट छातीशी धरलेले. खाली एका बाईंनी लिहिलं, "मुख्याध्यापकांचा साधेपणा भावला!"

मी हसले त्यावर. वळून बघायला हवं होतं, हे काही मनात आलं नाही.

* * *

मागच्या जूनमध्ये दुसरीत पायल आली. परभणीकडची. बाप चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, आई भोसरीत पॅकिंगला. दोघांच्या शिफ्ट. पोरीला शाळेत आणायला-न्यायला शेजारीण यायची, त्यामुळं आईचं तोंड आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पायल वर्गात काहीतरी बोलली. तिच्याकडचं बोलणं, पोरं हसली. ती बिचारी विचारते, "बाई, हे पोरं काहून हसायलेत?" त्यावर तर वर्ग फुटलाच. त्या दिवशी जे तोंड मिटलं पोरीनं, ते मिटलंच. मी तेव्हा टाकीवर होते. हे सगळं देशमाने बाईंनी नंतर सांगितलं. मी त्या पोरीचा आवाज ऐकलाच नाही कधी. हजेरीला हात वर करायची. तहान लागली की बाटली दाखवायची.

ऑगस्टात एका गुरुवारी तिचा बाप आला. "बाई, घरी लई बोलती ही. इथंच मुकी व्हायली. दिवाळीपस्तोर बघतो. नाही बोलली तर गावाकडं ठेवतो, आजीपाशी. तिथल्या शाळेत बोलत होती. हिची आई नको म्हणायली, पण लेकरू असं मुकं ठेवून काय करू?"

देशमाने बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या आत बोलेल. आईपासून तोडू नका तिला."

बाप गेल्यावर मी म्हटलं, "बाई, एवढं काय त्यात? पाठीत दोन द्या, पोपटासारखी बोलंल!"

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, पोपट वर्गात पुष्कळ आहेत."

* * *

ते पोपटांचं मात्र खरं होतं. भोईर सरांनी चुंबकाचा पाठ घेतला. पिशवीत चुंबक लपवलेला. पोरांनी ओळखायचं. आधी तीनदा प्रॅक्टिस करून घेतली. मग गुरुवारी शूटिंग. मी दारात उभी.

सर पिशवी उचलून म्हणाले, "मुलांनो, आज मी तुमच्यासाठी..."

"चुंबऽऽक!"

अजून वाक्य पुरं व्हायचंय! पुन्हा पहिल्यापासून. पोरांना दटावलं, आधी विचार करायचा, मग बोलायचं. दुसऱ्या वेळी सरांनी प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग डोळे वर करून, हनुवटीला बोट लावून बसला. पन्नास पोरं, पन्नास बोटं! मी पदर तोंडात कोंबला.

तिसऱ्या वेळी सगळं जमत आलेलं. सरांनी विचारलं, "चुंबकाला काय काय चिकटतं?" मागून एक पोरगं उठलं आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणालं, "सर, मी आत्ता चुकायचं का नंतर?"

त्याला सांगून ठेवलं होतं, तू आधी चुकीचं उत्तर दे, मग सर समजावून सांगतील!

दुसरीचा वर्गही त्या दिवशी तिथंच बसवला होता, गर्दी दिसावी म्हणून. पायल पहिल्या रांगेत. हलत नाही, बोलत नाही, कॅमेऱ्याकडे बघत नाही. भोईर सर खूश. "ही पोरगी शूटिंगला एक नंबर! दर वेळी हिलाच पुढं बसवू." देशमाने बाई उठल्या, पायलचा हात धरला आणि तिला वर्गातून घेऊन गेल्या. भोईर सर मला म्हणतात, "बाईंना काय झालं हो?"

मी म्हटलं, "काही नाही. बाईंचं डोकं तापट आहे." मी हे म्हणाले! माझ्यासारखीनं!

* * *

दसऱ्याच्या आसपास मोठ्या सरांनी मीटिंगमध्ये साइटवरच्या कॉमेंट वाचून दाखवल्या. पाठाबद्दल थोडं. बाकी सगळ्यांनी एकच लिहिलेलं, "काय ती शिस्त!" "टाचणी पडली तर ऐकू येईल!" "एवढी शांत मुलं आम्हाला द्या!"

सर म्हणाले, "हे श्रेय कुणाचं?" आणि मला पुढं बोलावून नारळ दिला. शाल नव्हती, पण टाळ्या झाल्या. मास्तर लोक टाळ्या वाजवतात आणि मी चौथी पास बाई नारळ घेऊन उभी! घरी जाऊन त्याची चटणी केली. चांगली झाली होती, खोटं कशाला सांगू?

फक्त देशमाने बाई टाळ्या वाजवता वाजवता म्हणाल्या, "मावशी, पोरं शांत आहेत का गप आहेत, ते एकदा बघायला पाहिजे."

मला वाटलं, जळतात माझ्यावर.

* * *

तरी एक चांगलं काम माझ्या हातून झालं. तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे पोरं चपला-बूट वर्गाबाहेर काढून बसतात. सगळा ढीग. मी रोज ओरडते, रोज ढीगच. एक दिवस मधल्या सुट्टीत बघते तर दुसरीच्या दारात चपलांच्या रांगा! जोडीला जोडी, टाचा भिंतीकडे. आणि समोर पायल उभी. एका एका जोडीकडे बोट दाखवून तिचे ओठ हलताहेत. आवाज नाही, नुसते ओठ. चपलांची शाळा घेत होती पोरगी! चपला हसत नाहीत ना.

मी पहिल्यांदाच कुठल्या पोरावर न ओरडता मागं सरले. जाऊन बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा असा उजळला, की मलाच कसंतरी झालं. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही फार मोठं काम केलंत."

दिवाळीच्या सुट्टीला आठच दिवस उरले होते. शेवटचा गुरुवार देशमाने बाईंच्या वाट्याचा होता. त्यांनी भोईर सरांना सांगितलं, "प्रॅक्टिस नाही. पाठ करून घेतलेलं काही नाही. तुम्ही फक्त मोबाइल चालू ठेवा."

* * *

तो गुरुवार असा.

बाईंनी चपला वर्गात आणायला लावल्या. पोरं गोल करून बसली, मधे चपलांच्या जोड्या. बेचा पाढा. एका पोराच्या चपला दोन, दोन पोरांच्या चार. बे एके बे, बे दुणे चार. पोरं खूश, कारण चपला वर्गात आणायला कधी कोण सांगतं? मी दाराबाहेर, तोंड गल्लीकडे. एक ड्रिल बंद करून झालं होतं, एका बापाला गेटावरून हाकलून झालं होतं. आतलं मला फक्त ऐकू येत होतं.

बाईंनी आधीच एक चप्पल आपल्या पिशवीत टाकली होती, आणि तिचा पट्टा मुद्दाम बाहेर लोंबत ठेवला होता. हे मला नंतर कळलं. बाईंनी विचारलं, "ही एकच चप्पल कशी काय उरली? हिची जोडीदार कुठं गेली?"

सगळा वर्ग गप. बाईही गप. किती वेळ! मला वाटलं, शूटिंग बंद पडलं की काय.

आणि एक आवाज आला. खणखणीत.

आमच्या शाळेत दोनशे पोरं. दोनशे पोरांचे आवाज मी पाठ वळवून ओळखते. कोण खोकलं ते सांगते. हा आवाज ओळखीचा नव्हता. मला वाटलं, बाहेरची कुठली पोरगी खिडकीशी आली. गुरुवारी यायच्या. मी वळून बघितलं नाही. जी सवय तेच केलं.

"ए! कोण गं ती? गप!"

मग वळले.

पायल उभी होती. हात बाईंच्या पिशवीकडे केलेला. तोंड अजून उघडंच. ते तिनं हळूच मिटलं. हात खाली घेतला. बसली.

देशमाने बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. खूप वेळ बसल्या. तिच्याशी बोलल्या, पिशवीतली चप्पल काढून तिच्या पायात घातली. काही उपयोग झाला नाही. मला वाटलं, आता बाई मला बोलतील. मी वाट बघत होते. कुणीतरी मला चांगलं चार माणसांत झापावं, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मावशी, वेळ झाली. घंटा द्या."

* * *

भोईर सरांना तो व्हिडिओ टाकायचा नव्हता. बाईंनी टाकायला लावला. "कापू नका काही. ती बोलली, ते राहू दे." बापालाही त्यांनी फोन केला. तो म्हणाला, "चार महिन्यांत एक वाक्य, तेबी अर्धं! राहू द्या बाई. तुमी लई केलं."

साइटवर त्या व्हिडिओला एकच कॉमेंट आली. भोईर सर मला वाचून दाखवायला लागले आणि मधेच थांबले. मी म्हटलं, वाचा, चौथी पास असले तरी समजतं मला.

"कल्पना सुंदर. मागून सूचना देणाऱ्या मॅडमचं वर्गावरचं नियंत्रण विशेष आवडलं."

मला मॅडम कुणी कधी म्हटलं नव्हतं.

* * *

सुट्टी संपून शाळा भरली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक बाई गेटावर आली. अंगात कंपनीचा निळा कोट, दोन बोटांना चिकटपट्टी. म्हणाली, "मी पायलची आई. दाखला न्यायला आले. देशमाने बाई कुठं हायेत?" त्या गुरुवारनंतर माझं बोलणं तसंही कमीच झालं होतं. मी हातानंच दुसरीचा वर्ग दाखवला आणि तिच्या मागोमाग गेले.

बाईंनी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. म्हणाल्या, "पायल वर्गात बोलली होती. तुम्हाला दाखवायचंय मला." मोबाइलवर तो व्हिडिओ लावून तिच्या हातात दिला. तेवढ्यात वर्गात कुणीतरी कुणाला तरी ढकललं, रडारड सुरू झाली. "मावशी, यांच्यापाशी बसा, मी आलेच," म्हणत बाई आत गेल्या. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

ती बघत होती. पोरीला शाळेत बसलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. चपला बघून हसली. मग बाईंचा प्रश्न आला. मग ती मोठी शांतता. आणि मग,

"बाई, ती माजी हाय. दुसरी तुमच्या पिशवीत..."

आणि त्यावर तो आवाज.

आई दचकली. मग तिनं बोटानं व्हिडिओ मागं घेतला. पुन्हा लावला. "बोलायली की! कशी ठसक्यात बोलायली बघा माझी पोरगी!" असं म्हणून मला मोबाइल दाखवला. पुन्हा मागं घेतला. चार वेळा, पाच वेळा. आता ती त्या आवाजाच्या अलीकडेच बोट ठेवून थांबवायला शिकली होती. पण एकदा बोट चुकलं आणि तो सबंध ऐकू आला.

तिनं मोबाइल मांडीवर ठेवला.

"मावशी, ही कोण बाई ओरडायली हो? इथंच असती का?"

मी मानेनंच नाही म्हटलं.